फड पद्धती : पाणीवाटपाचा एक जिवंत वारसा

सांस्कृतिक वारसा म्हटला की किल्ले, लेणी व मंदिरे डोळ्यांपुढे येतात. धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांच्या खोऱ्यांतील फड पद्धतीची गणना त्यांत सहसा होत नाही. वस्तुतः सुमारे 300 वर्षांहून अधिक काळ चालत आलेली ही सिंचनव्यवस्था गावकऱ्यांनी स्वतःच घालून घेतलेल्या नियमांवर उभी आहे.

तिची रचना अशी : नदीवर बंधारा घालून पाणी पाटात घ्यावयाचे. त्यावर भिजणाऱ्या एकूण क्षेत्रास ‘थळ’ म्हणतात. थळाचे बहुधा तीन-चार भाग पाडलेले असतात, तेच फड. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यावयाचे आणि पुढे त्याचा फेरपालट करावयाचा, हा दंडक. शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन साधारणतः प्रत्येक फडात असे. त्यामुळे पाणी अपुरे पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर त्याची झळ सर्वांसच पोहोचे. न्यायाची ही तरतूद जमिनीच्या मांडणीतच होती, हे विशेष.

कोणते फड भिजवावयाचे, हे पंच ठरवीत. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने स्वतः पाणी फोडावयाचे नाही. राखण जागल्याकडे, तर देखरेख हवालदाराकडे असे. त्यांचा मोबदला धान्यरूपाने दिला जाई. पाटातील गाळ काढण्यास सर्व बागायतदारांनी हातभार लावावयाचा असे. पंचांच्या शब्दास वजन होते, कारण त्यांची शेतेही त्याच फडात होती. अर्थात या न्यायाची कक्षा थळापुरतीच होती. भूमिहीनास पाण्यात वाटा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

पुढे विहिरी व विद्युत पंप आले, नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली. ज्याच्याजवळ स्वतःचे पाणी, त्यास सामाईक बंधन जाचू लागले. अनेक ठिकाणी फड मोडले.

तथापि, या पद्धतीमागील तत्त्व लोपलेले नाही. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर 1990 नंतर बापूसाहेब उपाध्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओझर येथे, म्हणजे पाणी सर्वांत शेवटी पोहोचणाऱ्या भागात, पाणीवापर संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. पुढे शेतकरी संस्थांनी संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन हाती घेतले. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाविषयीच्या 2005 च्या राज्य अधिनियमाने कालव्याच्या शीर्ष, मध्य व पुच्छ भागांस संस्थेच्या संचालक मंडळात प्रतिनिधित्व दिले आणि स्त्रियांसाठीही जागा राखून ठेवल्या. जुन्या पंचमंडळास जे साधले नव्हते, ते येथे कायद्याने साधले.

जुन्या पाटकऱ्यांजवळील पाण्याच्या पाळ्यांचे व पाटांचे ज्ञान मात्र बव्हंशी तोंडीच आहे. त्यांच्या गावांतील ग्रामपंचायतींनी शिक्षकांच्या साहाय्याने थळाचा नकाशा, फडांची नावे व पाळ्यांचे नियम लिहून घेतल्यास नव्या पाणीवापर संस्थांना ते दप्तर उपयोगी पडेल. हे काम एका उन्हाळ्याच्या सुटीतही होण्यासारखे आहे.