मुलांच्या खोलीतील ममी

मुलांच्या खोलीत पूर्वी बाळकृष्णाची तसबीर असे, नाहीतर कॅलेंडरवरचे गुटगुटीत बाळ. आता कॅनव्हासवर छापलेली, लाकडी चौकटीवर ताणलेली मोठमोठी चित्रे घरपोच मिळतात. त्यांत इजिप्तची गंमतचित्रे बरीच दिसतात. पिरॅमिडवर बसलेला उंट, मुकुट घातलेली मांजर, पट्ट्या गुंडाळलेली हसरी ममी, कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापूरला रंगवलेल्या कापडाचे अप्रूप नाही. चित्रे जरूर लावावीत. पण आईवडील चित्र निवडतात ते भर उजेडात, आणि मूल ते पाहते रात्री, झिरोच्या दिव्यात, अंथरुणावर पडून.

साधारण तीन ते सहा वर्षांपर्यंत खरे काय आणि कल्पनेतले काय, यातली रेघ मुलाच्या मनात पुसट असते. दिवसा ज्या ममीला ते टाटा करते, तीच रात्री भिंतीवरून उतरू लागते. मग पाणी हवे, शू लागली, आईच्या कुशीतच झोपायचे, असे सुरू होते. चित्राची भीती वाटते हे मूल सांगेलच असे नाही. ते पोट दुखते म्हणेल. अशा वेळी ‘एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?’ असे म्हणू नये. ‘झोप, नाहीतर ममी येईल’ हे तर मुळीच नको. बागुलबुवाला चेहरा नव्हता, इथे तो समोर टांगलेला आहे. चार दिवस चित्र बाहेरच्या खोलीत लावून पाहावे. झोप सुधारली तर कारण सापडले.

रात्रीचे सगळेच रडणे मात्र सारखे नसते. वाईट स्वप्न बहुधा पहाटेकडे पडते. मूल पूर्ण जागे होते, काय दिसले ते सांगते आणि जवळ घेतले की शांत होते. दुसरा प्रकार झोपेतल्या भयाच्या झटक्याचा. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळून उठते, डोळे उघडे, अंगाला घाम, पण आईलाही ओळखत नाही. घरचे घाबरतात, दृष्ट काढतात. सकाळी मुलाला त्यातले काही आठवत नाही. अशा वेळी त्याला गदागदा हलवून जागे करू नये. पडून लागणार नाही एवढे पाहावे आणि जवळ बसावे. अपुरी झोप आणि ताप यांनी हे झटके वाढतात. वाढत्या वयात ते बहुधा थांबतात. पण हातपाय झटके देऊ लागले, मूल फार घोरत असेल किंवा हे वरचेवर होऊ लागले, तर सीपीआरच्या बालरोग विभागात किंवा आपल्या डॉक्टरांना दाखवावे.

खुद्द इजिप्तच्या लोकांनी ममी ठेवली ती थडग्यात. पलंगावर आणि डोके टेकायच्या उशावर ते बेस या बुटक्या, जीभ बाहेर काढलेल्या देवाची आकृती कोरत. तो बाळबाळंतिणीचा रक्षक. त्याच्या जोडीला तावेरेत ही पाणघोड्याच्या रूपातली गरोदर देवी. आपल्याकडे पाचवीला सटवाई पुजतात, त्यातलाच हा भाव. लहानग्यांसाठी पाणघोडा, मांजर, नाईलवरची होडी अशी चित्रे घ्यावीत, आणि मुलालाच निवडू द्यावीत. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना ममीची भीती कमी आणि कुतूहल जास्त. सयाजीरावांच्या बडोद्यातील संग्रहालयात खरी ममी आहे, ती त्यांना अवश्य दाखवावी.

या चित्रांतल्या सर्वांच्या डोळ्यांत ठसठशीत काजळ असते. ते पाहून मुलीला सुरमा घालावासा वाटला तर आवरावे. त्या जुन्या काजळात शिशाचे खनिज असे, आणि बाजारातल्या काही सुरम्यांत ते आजही सापडते. शिसे मेंदूच्या वाढीला बाधते, त्याचे सुरक्षित प्रमाण असे नाही. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे 2017 पासून 90 पीपीएमची मर्यादा आहे. त्याआधी रंगवलेल्या जुन्या वाड्याची भिंत चित्रासाठी घासायची असेल, तर मूल घरात असताना कोरडी घासू नये.

राहिला कोल्हापूरचा पाऊस. बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि सुती कॅनव्हासमागे, कुणी बघत नाही तिथे, बुरशी धरते. दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलाचा खोकला त्याने हटत नाही, औषधे मात्र बदलत राहतात. चित्र आतल्या भिंतीवर, उशाच्या थेट वर येणार नाही असे लावावे. चौकटीच्या चारी कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवले की हवा खेळते. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा चित्र उतरवून मागची बाजू पाहावी. काळे ठिपके दिसले किंवा कुबट वास आला, तर ते खोलीतून बाहेर काढावे.