दर्या आणि दऱ्या : मुक्त प्रणालीच्या उंबरठ्यावर मराठी अक्षर

सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या एका परिचितांचा लहानसा गाळा आहे. तिथला २०१४ सालचा संगणक ठणठणीत होता. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबली आणि विंडोज ११ त्या यंत्रावर बसेना. मी संगणकशास्त्र रीतसर शिकलेलो नाही, तरी हौसेने जमवलेल्या माहितीवर त्यांना लिनक्स बसवून दिले. अर्ध्या तासात काम झाले. मग त्यांनी आपली जुनी मराठी पत्रे उघडली आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा नुसता काला दिसला.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही लिनक्सवर आधारित प्रणाली आणली. स्टॅटकाउंटरच्या मोजणीत फेब्रुवारी २०२४ मध्ये जगातील डेस्कटॉपवर लिनक्सचा वाटा ४ टक्क्यांवर गेला. ही मोजणी संकेतस्थळांच्या भेटींची आहे, यंत्रांची नव्हे; तरी तिच्यातून कल समजतो.

मग पत्रांचे काय झाले? जुन्या फाँटांत मराठी अक्षर हे रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेले चित्र असे. फाँट गेला की मागे उरते ते रोमन अक्षर. फाँटची फाइल नव्या प्रणालीत नेता येते, पण त्यात टंकन करून देणारी आज्ञावली बहुधा विंडोजपुरतीच लिहिलेली असते. युनिकोडने मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. 'क' म्हणजे २३२५, मग प्रणाली कोणतीही असो. रेड हॅटचे 'लोहित' किंवा मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' हे मुक्त फाँट याच क्रमांकांवर चालतात.

रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार तर जागा बदलतोच. 'दऱ्या'तला ऱ नीट उतरला नाही तर डोंगराच्या दऱ्यांचा समुद्राचा दर्या होतो! त्या गाळ्यातली पत्रे ओळीने वाचून दुरुस्त करायला मला तीन आठवडे लागले.

म्हणून मला वाटते, मुक्त प्रणालीचा मराठीतला खरा अडसर लिनक्समध्ये नाही, तो आपल्या साठवणीत आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर जुळवलेल्या दिवाळी अंकांच्या, कवितासंग्रहांच्या सीड्या आजही कपाटांत पडून आहेत. छापील प्रत वाळवीने खाल्ली, तर त्या सीडीतला मजकूर कोण वाचू शकेल? प्रणाली सावकाश बदला. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि तो माणसाकडून वाचून घ्या.