गादी डळमळली तरी दफ्तर चालले

तारापूरचा किल्ला सरावलीकरांच्या शेजारचाच. तो कसा पडला ही हकीकत येथे लांबवावयास नको. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तो घेतला, बाजी भिवराव तेथे कामी आले, आणि मे महिन्यात वसईही हाती आली. परंतु मुलूख जिंकणे निराळे आणि राखणे निराळे. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस चिमाजी आप्पाही गेले. तरीही नवा मुलूख हातचा सुटला नाही. असे का व्हावे?

याचे एक मोठे कारण पेशवाईतील दरकदारीची पद्धत हे होय, असे मला वाटते. मामलेदार परगण्याचा मुख्य खरा. पण त्याच्या कचेरीत दिवाण, मजुमदार, फडणीस, पोतनीस, दफ्तरदार असे दरकदार असत. त्यांची नेमणूक हुजुरातून होई. मामलेदाराला त्यांना काढता येत नसे. हुकुमावर त्यांचे शेरे लागत, जमाखर्च त्यांच्या वह्यांतून जाई, आणि काही दडविले गेल्यास हीच मंडळी पुण्यास कळवीत. देशमुख-देशपांडे जेथे होते तेथे त्यांचे कागद निराळे. म्हणजे एका कागदाने दुसरा पडताळता येई. तेथे सचोटीच नांदत होती असे मात्र कोणी समजू नये. ‘दरबारखर्च’ या गोड नावाखाली पुष्कळ काही खपत असे! पण खाणाऱ्यावर नजर ठेवणारा दुसरा असे, एवढे खरे.

ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. पुढच्या वर्षी अवघ्या चाळीस दिवसांच्या मुलास पेशवाईची वस्त्रे मिळाली. साष्टी इंग्रजांनी घेतली ती गेलीच. वसई १७८० मध्ये गेली व सालबाईच्या तहाने परत आली. पाळण्यातल्या धन्याच्या नावाने वसूल जमा होत राहिला, कारण हिशेब ठेवणारे बदलले नव्हते.

ही घडी विस्कटली ती दुसऱ्या बाजीरावाच्या काळी. मामलती इजाऱ्याने, चढत्या बोलीस जाऊ लागल्या. उद्या कोणी अधिक बोली दिली तर आपण उठणार, हे इजारदारास ठाऊक. मग तो रयतेला आजच पिळून घेई. हुजूर दफ्तराकडेही दुर्लक्ष झाले. १८१७ च्या पुण्याच्या तहाने उत्तर कोकण इंग्रजांकडे गेले. पुढे पेशव्यांच्या मुलखाची व्यवस्था लावताना एल्फिन्स्टनने मामलेदार हे पद मोडले नाही; इजारा मात्र काढला आणि मामलेदारास पगार बांधून दिला.