व्याघ्रदर्शन : न झालेलें

आमच्या विट्याच्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात. त्यामुळें कोणताहि बेत ठरावयाचा म्हणजे एक लहानसें संमेलनच भरतें. यंदा मार्गशीर्षांत मुलांनीं वाघ पाहण्याचा हट्ट धरला, सुनांना पक्षी पाहावयाचे होते, आणि मातुःश्रींचें म्हणणें एवढेंच कीं, "मला मागें ठेवूं नका." अखेर पहिला दिवस पक्ष्यांना व दुसरा वाघाला, असा तह झाला.

विट्याहून थोड्याच अंतरावर, सातारा जिल्ह्यांतील खटाव तालुक्यांत, मायणीचा तलाव आणि येरळा नदीवरील येरळवाडीचा जलाशय आहे. सूर्याचीवाडीच्या तलावासह हीं पाणस्थळें २०२१ सालीं पक्ष्यांसाठीं राखीव म्हणून जाहीर झालीं. आम्ही येरळवाडीस पोहोंचलों तेव्हां सूर्य नुकताच वर आला होता. काठच्या चिखलांत नारिंगी-तपकिरी रंगाच्या बदकांची एक जोडी चरत होती. पक्ष्यांची माहिती असलेल्या आमच्या धाकट्या बंधूंनीं तें चक्रवाकांचें जोडपें असल्याचें सांगतांच मातुःश्रींनीं दुर्बीण मागून घेतली. संस्कृत काव्यांत रात्रीं विरहानें व्याकुळ होणारा हा पक्षी त्यांना बाळपणापासून ठाऊक होता. परंतु तो लडाख-तिबेटाकडील उंच प्रदेशांतून दर हिवाळ्यांत आपल्या दुष्काळी मुलखांत पाहुणा येतो, हें त्यांना प्रथमच कळलें. "इतकीं वर्षें शेजारीं येत होता, आणि आम्हीं त्याला पोथींतच शोधला!" असें त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीं शिराळ्यावरून चांदोली गांठली. चांदोलीचें राष्ट्रीय उद्यान आणि उत्तरेकडील कोयना अभयारण्य मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचें क्षेत्र सुमारें ११६५ चौरस किलोमीटर असून तें सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलें आहे. मात्र ताडोब्याप्रमाणें येथें वाघ सहजीं दिसत नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें रानांत लावलेल्या कॅमेऱ्यांत एका वाघाची छबी उमटली, तेव्हां ती मोठी वार्ता ठरली; आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें ताडोब्याहून एक वाघीण मुद्दाम येथें आणण्यात आली.

आम्हांला गवे दिसले, उंच झाडावर शेकरू दिसलें, आणि पंखांचा मोठा आवाज करीत एक धनेश डोक्यावरून गेला. वाघ मात्र दिसला नाहीं. मुलें हिरमुसलीं. तेव्हां वाटाड्यानें गाडी थांबवून गवतांत दडलेला एक दगडी चौथरा दाखविला.

"आजी, हितं आमच्या चुलत्याचं घर हुतं. हे त्याचं जोतं."

या रानांत एके काळीं गांवें होतीं. धरण झालें, पुढें अभयारण्य झालें, आणि तेथील लोकांना दूर नेऊन वसविण्यांत आलें. त्यांतील कित्येकांच्या जमिनीचे प्रश्न वर्षानुवर्षें रेंगाळले. ज्या शेतांत नाचणी पिकत होती, तेथें आतां गवे चरतात.

"तुम्हीं पाहिला आहे का हो वाघ?" मातुःश्रींनीं विचारलें.

"न्हाई. पावलं तेवढी बघितली."

"आणि गांव सोडल्याचं वाईट नाहीं वाटत?"

"वाटतं की. पर ज्याच्यासाठी सोडलं, त्योच हितं नसला, तर जास्ती वाईट वाटंल."

परततांना गाडींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग आमच्या पुतण्यानें सरळ प्रश्न टाकला : "पण वाघ असून आपल्याला काय उपयोग?"

त्याचें उत्तर आमच्या घरच्या शेतांतच आहे. कोयना नदीचें पाणी कऱ्हाडास कृष्णेस मिळतें; तेथून खालीं टेंभू येथें तें उचलून टप्प्याटप्प्यानें चढवीत खानापूर-आटपाडीच्या माळरानांपर्यंत आणलेलें आहे. त्या पाण्याचा मोठा भाग पडतो तो कोयनेच्या डोंगरांतील पावसाचा. तेथील रान उभें असलें तर माती जागेवर राहते आणि झरे पावसाळ्यानंतरहि झिरपत राहतात. रान तुटलें तर तीच माती वाहून धरणांत जाते. वाघासाठीं राखलेलें रान असें आपल्या विहिरीचेंहि रक्षण करतें. वनानें व्याघ्राला राखावें आणि व्याघ्रानें वनाला, हा उपदेश महाभारताच्या उद्योगपर्वांत आलेला आहे. आम्हांला तो चांदोलीस जाऊन यावें तेव्हां समजला.

ज्या कुटुंबांना तिकडे जावयाचें असेल त्यांनीं पावसाळा संपल्यावर जावें. त्या दिवसांत उद्यान बंद असतें. मातकट रंगाचीं वस्त्रें नेसावीं, सुगंधी द्रव्यें लावूं नयेत, मुलांना गप्प बसण्याची संवय आधींच लावावी, आणि वाघ दिसेलच असें वचन त्यांना देऊं नये.

आमचा पुतण्या अजून वाघ न दिसल्याचें बोलून दाखवितो. परंतु परवां टेंभूचें पाणी आमच्या शेताच्या पाटांत आलें, तेव्हां त्यानें आजीला हाक मारून तें दाखविलें. मातुःश्रींनीं ओंजळ भरून घेतली, आणि त्या जोत्यावरच्या माणसांचा दुवा म्हणून ती तुळशीला घातली.