हॉलिवूड, चीन आणि मराठी दुवा

आयातीचा कोटा
• १९९४ : चीनकडून वर्षाला १० परदेशी चित्रपटांना महसूल-वाटणीवर परवानगी. हॉलिवूडचा ‘द फ्युजिटिव्ह’ पहिला.
• २००१ : जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश. पुढे कोटा २०.
• २०१२ : अमेरिकेशी करार. कोटा ३४, वाढीव १४ जागा थ्रीडी व आयमॅक्ससाठी. परदेशी स्टुडिओचा वाटा तिकीटविक्रीच्या २५ टक्के.

चीनमध्ये प्रवेशाच्या तीन वाटा
• महसूल-वाटणी : कमाईत हिस्सा मिळतो.
• ठोक खरेदी : एकरकमी किंमत, पुढची कमाई चिनी वितरकाची.
• सहनिर्मिती : चिनी चित्रपट म्हणून गणना, कोट्याबाहेर.

भारताचा धागा
• ‘दंगल’ : अमेरिकी डिस्नेच्या भारतीय शाखेची सहनिर्मिती. मे २०१७मध्ये चीनमध्ये प्रदर्शित. तिथली कमाई हजार कोटी रुपयांहून अधिक.
• ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) : चीनमध्ये रुग्णसेवा करताना १९४२मध्ये निधन पावलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावरील राजकमल या चित्रसंस्थेचा चित्रपट. दिग्दर्शक व्ही. शांताराम स्वतः कोटणीसांच्या, तर जयश्री त्यांच्या चिनी पत्नीच्या भूमिकेत. इंग्रजी आवृत्तीही निघाली.