सर्पदंशाचा पहिला तास



सावंतवाडीपासून सुमारे ३० किलोमीटरवर सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले आंबोली हे अतिवृष्टीचे ठिकाण होय. पावसाळ्यात घाटात धुके दाटते, दरडी कोसळतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत शेतीची कामे चालू असता सर्पदंशाचे प्रसंग वाढतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक खेड्यापाड्यांतील होती. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा चालू आहे. तथापि ती येईपर्यंत रोग्याजवळ आपणच असता, आणि कित्येकदा आपलीच गाडी त्यास घेऊन घाट उतरते. म्हणून रुग्णवाहिकेच्या सेवकांनी जे स्मरणी ठेवावयाचे, ते जमीनदार व व्यापारी मंडळींसही ठाऊक असावे, या हेतूने आम्ही पुढील गोष्टी मांडीत आहो.

लक्षणे. घोणस व फुरसे यांच्या विषाने दंशाची जागा सुजते, रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून वा लघवीतून रक्त जाते. नाग व मण्यार यांच्या विषाने पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर निजलेल्यास चावते. खूण दिसतेच असे नाही. पहाटे पोटदुखीने उठलेल्या माणसाच्या पापण्या मिटू लागल्यास मण्यारीचा संशय धरावा.

काय करावे. रोग्यास धीर द्यावा व चालू देऊ नये. अंगठ्या, बांगड्या, पैंजण तत्काळ काढावे. हाड मोडल्यावर बांधतात त्याप्रमाणे फळीच्या आधाराने अवयव स्थिर ठेवावा. दंशाची वेळ लिहून ठेवावी. ओकारी होत असल्यास कुशीवर निजवावे. श्वास मंदावल्यास अंबू बॅगेने श्वास देत राहावे. हालचाल थांबलेला रोगी मृत समजू नये, कारण तो सर्व ऐकत असूनही केवळ स्नायूंच्या लुळेपणाने निश्चल झालेला असू शकतो. तासन्‌तास श्वास चालविल्याने असे रोगी वाचतात.

काय करू नये. जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये. दोरी आधीच बांधली असल्यास ती वाटेत एकाएकी सोडू नये. वैद्यकीय देखरेखीखाली सोडावी. साप पकडण्यात वेळ दवडू नये. मांत्रिकाकडे नेलेले पुष्कळ रोगी बरे होतात खरे. पण ते बिनविषारी सापाच्या किंवा विष न उतरलेल्या दंशाचे असतात. ज्याच्या अंगी खरोखर विष भिनले आहे, त्याचा मात्र त्या विलंबात घात होतो.

रुग्णालयात. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडे ताजे रक्त २० मिनिटे न हलविता ठेवतात. ते गोठले नाही तर विषबाधेचा पुरावा मिळतो. मग प्रतिविष शिरेतून देतात. मात्रा विषाच्या मानाने ठरते, शरीराच्या मानाने नव्हे; म्हणून मुलास व मोठ्यास ती सारखीच. प्रतिविषाची तीव्र प्रतिक्रिया उठल्यास मांडीत ॲड्रेनालिनची सुई टोचणे हा पहिला उपाय. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी: देशात मिळणारे प्रतिविष वरील चार सापांकरिताच आहे. आंबोलीच्या रानात आढळणाऱ्या चापड्याच्या विषावर त्याचा उपयोग होत नाही. तेथे सूज, वेदना, रक्त व मूत्रपिंड यांवर लक्ष ठेवून उपचार करावे लागतात.

सज्जनहो, आपल्या शेतावरील गड्यास गुडघ्यापर्यंतचे बूट व विजेरी द्यावी. निजावयास खाट व गादीखाली खोचलेली मच्छरदाणी द्यावी. रात्री-अपरात्री आपली गाडी मोकळी ठेवावी. आणि आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात प्रतिविष शिल्लक आहे की नाही, याची पावसापूर्वीच विचारपूस करावी. यास खर्च थोडा लागतो. परंतु त्यावाचून जो जीव जातो, तो बहुधा घरातील मिळवता असतो.