सातापैकी पाच म्हणजे किती?

चुलबंदच्या काठावरील लाखांदूर हे धानाचे गाव. येथील गल्ल्याचे, किराण्याचे, कापडाचे वा सराफीचे दुकान सांभाळणाऱ्या कुटुंबांत मुलांच्या अभ्यासाची चर्चा पूर्वी दहावीच्या टक्क्यांपाशी सुरू होई आणि तेथेच संपे. टक्केवारी हा सर्वांना कळणारा हिशेब होता. आता मुलाला किंवा मुलीला नागपूर, पुणे, पाचगणी येथील आंतरराष्ट्रीय शाळेत घालण्याचा विचार तालुक्याच्या गावांतही होऊ लागला आहे. शुल्क लाखांत मोजावे लागते, मूल वसतिगृहात राहते आणि पहिल्या सत्राच्या अखेरीस घरी जे प्रगतिपत्रक येते त्यात टक्केवारीच नसते. गणितात ५, विज्ञानात ४, भाषेत ६, एवढेच असते. वरची मर्यादा ७. हिशेबाची सवय असलेले आजोबा लगेच ताळा करतात : सातापैकी पाच म्हणजे एकाहत्तर टक्के. भागाकार बिनचूक असतो, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो.

हे सात अंक म्हणजे गुण नव्हेत, पायऱ्या आहेत. १९६८ साली जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, या मंडळाच्या माध्यमिक टप्प्यात प्रत्येक विषयाचे चार निकष ठरलेले असतात. गणिताचे पाहावे : गणिताचे ज्ञान, आकृतिबंधांचा शोध, केलेल्या कामाची मांडणी आणि प्रत्यक्ष व्यवहारात उपयोजन. प्रत्येक निकषाला अधिकाधिक ८, म्हणजे एकूण ३२. या ३२ पैकी १९ ते २३ मिळाले की श्रेणी ५, २४ ते २७ मिळाले की ६ आणि २८ च्या पुढे ७. म्हणजे पाचव्या पायरीवर पाऊल पडते ते साठ टक्क्यांच्याही किंचित खाली, तर सातवी पायरी साडेसत्त्याऐंशी टक्क्यांपासून सुरू होते. एकाहत्तर टक्क्यांचा येथे कोठेच संबंध येत नाही.

अधिक महत्त्वाची गोष्ट त्या एका अंकाच्या मागे दडलेली असते. एका मुलाला चार निकषांत ७, ४, ६ आणि ३ मिळाले. दुसऱ्याला चारही निकषांत ५. दोघांची बेरीज २०, दोघांची श्रेणी ५. परंतु पहिल्याला सूत्रे उत्तम येतात आणि व्यवहारातला प्रश्न समोर आला की तो अडखळतो. दुसरा सर्वत्र सारखा, मध्यम आहे. दोघांना लागणारी मदत पूर्ण वेगळी आहे. म्हणून पालकसभेत 'पाच का आले' असे विचारण्यापेक्षा 'कोणत्या निकषात कमी पडले' असे विचारणाऱ्या पालकाला शिक्षकाकडून कितीतरी अधिक हाती लागते. प्रत्येक निकषाच्या प्रत्येक टप्प्याचे वर्णन शब्दांत लिहिलेले असते. ते पान मागून घ्यावे आणि शांतपणे वाचावे. पुष्कळ पालक ते कधी उघडतही नाहीत.

व्यापारी मनाला आणखी एक गोष्ट खटकते. वर्षभराच्या कामाची येथे सरासरी काढली जात नाही. एखाद्या निकषात मुलाला वर्षभरात क्रमाने २, ३, ६, ६ मिळाले, तर सरासरी सव्वाचार येते. शिक्षक मात्र शेवटी ६ देऊ शकतो, कारण मूल आता कोठे पोहोचले आहे ते त्याला सांगायचे असते. प्रथमदर्शनी हा पक्षपात वाटतो. पण पेढीची स्थिती ठरवतानाही वर्षअखेरची शिल्लक पाहतात, बारा महिन्यांच्या शिल्लकेची सरासरी कोणी काढत नाही. अर्थात, हा निर्णय शिक्षकाच्या विवेकावर सोपवलेला असल्यामुळे शाळेत अनुभवी शिक्षक किती आणि ते टिकतात किती, हा प्रश्न इमारतीच्या भव्यतेपेक्षा मोठा ठरतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' हा शब्द असला म्हणजे तिचे मूल्यमापन आंतरराष्ट्रीय असतेच असे नाही. असे नाव धारण करणाऱ्या अनेक शाळा सीबीएसईशी संलग्न असतात. त्यात गैर काही नाही; सीबीएसई हे उत्तम मंडळ आहे. परंतु पाटी पाहून नव्हे, संलग्नता विचारून शाळा निवडावी, कारण मूल्यमापनाचा पायाच त्याने बदलतो.

तो फरक भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही धान व्यापाऱ्याला सहज कळेल. आधारभूत किमतीच्या खरेदी केंद्रावर धान लेखी मानकाशी ताडून पाहिले जाते : ओलावा १७ टक्क्यांच्या आत हवा, काडीकचरा आणि खराब दाणा ठरलेल्या मर्यादेत हवा. शेजारच्या ढिगात काय आहे याच्याशी संबंध नसतो. सगळ्यांचे धान मानकात बसले तर सगळ्यांचे घेतले जाते. बाजार समितीच्या लिलावात मात्र त्या दिवशी आणखी कोणाचा माल आला आहे त्यावर बोली वरखाली होते. आयबीची श्रेणी पहिल्या प्रकारची आहे, सीबीएसईच्या दहावीची श्रेणी दुसऱ्या. तेथे प्रत्येक विषयातील उत्तीर्ण विद्यार्थ्यांची क्रमवारी लावून वरच्या आठव्या हिश्श्याला ए-१, त्याखालच्या आठव्या हिश्श्याला ए-२ अशी वाटणी होते. म्हणून आंतरराष्ट्रीय शाळेतील मुलाला 'वर्गात कितवा आलास' हा आजीचा लाडका प्रश्न विचारला, तर त्याला खरेच उत्तर देता येत नाही.

मग शाळेने आपल्याच मुलांना सढळ हाताने गुण वाटले तर? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर या पद्धतीतील सर्वांत विचारपूर्वक बसवलेला भाग आहे. अकरावी-बारावीच्या डिप्लोमा टप्प्यात बहुतेक विषयांत सुमारे २० ते ३० टक्के गुण शाळांतर्गत कामाला असतात : विज्ञानातील स्वतंत्र प्रयोग, गणितातील शोधनिबंध, भाषेतील तोंडी परीक्षा. गुण शाळेतील शिक्षक देतो, पण त्यातील काही कामे नमुना म्हणून मंडळाकडे जातात आणि बाहेरचा नियामक ती पुन्हा तपासतो. पोत्यात परखी घालून मूठभर दाणे काढावेत आणि त्यावरून साऱ्या मालाचा दर्जा ठरवावा, तसेच हे. नियामकाला शिक्षकाचे गुण सैल वाटले तर नमुन्यातील चारपाच मुलांचेच नव्हे, त्या विषयातील शाळेच्या सर्व मुलांचे गुण त्या प्रमाणात खाली येतात. कडक वाटले तर वरही जातात. एका शिक्षकाच्या औदार्याची किंमत अशा रीतीने सर्व वर्गाला मोजावी लागते. म्हणून चांगल्या शाळेतील शिक्षक अंतर्गत गुण देताना हात आखडता ठेवतात. तो त्यांचा दुष्टपणा नसतो.

नियमनावाचून अंतर्गत गुणांचे काय होते, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले. महामारीमुळे राज्य मंडळाची दहावीची परीक्षा रद्द झाली, नववीच्या आणि दहावीच्या शालेय गुणांवर निकाल लागला आणि तो ९९.९५ टक्के लागला. त्याच्या आदल्या वर्षी आयबीचीही परीक्षा रद्द झाली होती. मंडळाने मुलांचे अंतर्गत काम, शिक्षकांनी वर्तवलेल्या श्रेणी आणि शाळांची जुनी कामगिरी यांचे गणिती सूत्र बनवले. जुलैमध्ये निकाल लागताच जगभरातून तक्रारींचा पूर आला आणि ऑगस्टमध्ये मंडळाला अनेकांच्या श्रेणी वाढवून द्याव्या लागल्या. एकीकडे परखीच नाही, दुसरीकडे ज्या पोत्याचा माल पाहिलाच नाही त्याचा भाव गेल्या साली आलेल्या मालावरून ठरवलेला. दोन्ही वेळा नुकसान प्रामाणिक मुलांचेच झाले.

डिप्लोमाचा अंतिम हिशेब ४५ चा असतो. सहा विषय, प्रत्येकी ७, म्हणजे ४२. उरलेले ३ गुण ज्ञानमीमांसा हा विषय आणि ४००० शब्दांपर्यंतचा एक दीर्घ निबंध यांना मिळून. किमान २४ लागतात, पण तेवढ्याने भागत नाही : कोणत्याही विषयात १ आला किंवा दीर्घ निबंधात ई ही श्रेणी पडली तर डिप्लोमा हातचा जातो. सेवा, कला आणि शारीरिक उपक्रमांना गुण नाहीत, तरी ते पूर्ण न करणाऱ्यालाही डिप्लोमा मिळत नाही.

केंब्रिजच्या शाळांची रीत निराळी. तेथे दहावीच्या आयजीसीएसई परीक्षेत ए-स्टार ते जी अशा श्रेणी असतात आणि बहुतांश उत्तरपत्रिका बाहेर तपासल्या जातात. पालकांच्या नजरेतून हमखास निसटणारी एक बाब मात्र येथे आहे. गणितासारख्या विषयांत 'कोअर' आणि 'एक्स्टेंडेड' असे दोन स्तर असतात. कोअरला बसलेल्या मुलाने पेपर कितीही सुरेख सोडवला तरी त्याला सी च्या वर श्रेणी मिळत नाही. परीक्षेचा अर्ज भरताना घेतलेला हा निर्णय नंतर पुसता येत नाही.

खरी कसोटी त्यापुढे लागते. मुलाला डॉक्टर करायचे असे घरात ठरलेले असते आणि शाळा मात्र आयबीची निवडलेली असते. 'नीट'साठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय बारावीला हवेत. डिप्लोमाच्या नेहमीच्या रचनेत यांपैकी दोनच बसतात. तिसरा घ्यायचा तर शाळेमार्फत मंडळाची विशेष परवानगी आधीच काढावी लागते. शिवाय 'नीट' आणि 'जेईई' यांची तयारी एनसीईआरटीच्या वळणाने चालते, तर डिप्लोमाचे मूल्यमापन मुलाकडून प्रयोगाची रचना आणि युक्तिवाद मागते. दोन्ही ओझी एकाच वेळी वाहणारी मुले असतात, पण मुलाला ते ओझे न विचारता त्याच्या खांद्यावर ठेवू नये. परदेशी विद्यापीठ हे ध्येय असेल तर गणित बदलते. तेथे अंतिम निकालाच्या कित्येक महिने आधी, शिक्षकांनी वर्तवलेल्या श्रेणींवरच सशर्त प्रवेश मिळतो. म्हणजे अकरावीचे वर्ष 'विश्रांतीचे' समजण्याची आपल्याकडची जुनी सवय तेथे महागात पडते.

हे सारे परकीय आहे असे मात्र नाही. महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले. पहिली-दुसरीत ७० गुण आकारिक आणि ३० संकलित, सातवी-आठवीत ४० आणि ६०. निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय ही साधने. अ-१ पासून ई-२ पर्यंत श्रेणी. लाखांदूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलाच्या नोंदपत्रकातही हेच तत्त्व उतरलेले असते. २०१८ मध्ये राज्याने महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढून जिल्हा परिषदेच्या १३ शाळांपासून आरंभ केला. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची शाळा त्यातून महाराष्ट्रभर गाजली. २०२० मध्ये ते मंडळ गुंडाळण्याचे जाहीर झाले. हा प्रयोग आणखी काही वर्षे चालू द्यायला हवा होता, कारण लाखोंचे शुल्क न भरता असे मूल्यमापन खेड्यातल्या मुलाला मिळू शकते का, याचे उत्तर त्यातूनच मिळाले असते.

डिप्लोमाच्या दीर्घ निबंधाला घराकडून खरी मदत होऊ शकते, आणि ती शिकवणीने नव्हे. निबंधाचा विषय विद्यार्थी स्वतः निवडतो. आधारभूत किमतीचा तालुक्यातील तांदूळ गिरण्यांवर झालेला परिणाम हा अर्थशास्त्राचा चोख विषय होऊ शकतो, आणि त्यासाठी लागणाऱ्या नोंदी वडिलांच्या खतावणीत पडून असतात. तपासताना माहितीच्या साठ्यापेक्षा विश्लेषण आणि चर्चा यांना अधिक गुण असतात. मार्गदर्शक शिक्षक एका विद्यार्थ्याला एकूण तीन ते पाच तास देतो आणि शेवटी छोटी मुलाखत घेतो, तिथे लेखन कोणाचे आहे ते उघड होते. खतावणीतले आकडे वापरले तर त्यांचा उगम निबंधात नोंदवावा लागतो. दुसऱ्याने लिहून दिलेला मजकूर सापडला तर डिप्लोमाच नाकारला जातो.